कापून घेतलेली दया

दोस्तांनो, दान हा शब्द आपण पिढ्यान्पिढ्या ओट्याखाली उभं राहून ऐकला. देणारा ओट्यावर, घेणारा खाली, भाकर वरून टाकलेली. आता नवा चमत्कार झालाय. पैसा ओट्याखालच्याच्या खिशातून काढायचा, वाटायचा ओट्यावरच्यानं, आणि पेपरात फोटो ओट्यावरच्याचा. कारखान्यात याला ‘सामाजिक बांधिलकी’ म्हणतात. मी याला चोरी म्हणतो. आणि का म्हणतो ते सांगतो.

मी गारखेड्यात राहतो. दहावी पास. कविता लिहितो, त्याचे पैसे मिळत नाहीत. डॉकवर हमाली करतो, त्याचे मिळतात. डॉक म्हणलं की मुंबईच्या वाचकाला समुद्र दिसंल. आमच्या डॉकला समुद्र नाही. एमआयडीसीतल्या गोदामाचा सिमेंटचा ओटा, त्याला कंटेनर पाठ लावून उभा राहतो, आम्ही खांदा लावतो. मी ठेकेदाराचा माणूस. कंपनीच्या हजेरीपटावर माझं नाव नाही, बोनसात नाही, कँटीनात नाही. कंपनीच्या दानात मात्र माझं नाव पहिलं.

2025 च्या सप्टेंबरात मराठवाडा बुडाला. गोदाकाठी पाणी शिरलं, सोयाबीन कुजलं, जनावरं वाहून गेली. पुढच्या पगाराला मुकादम म्हणला, सगळ्यांचा एकेक रोज पूरग्रस्तांसाठी कापलाय. कापायचा का, असं नाही. कापलाय. एकानं ‘कामून?’ म्हणलं, तर मुकादमानं वही काढली. ज्याला द्यायचं नाही त्यानं नाव सांगा, वर कळवतो. ज्याची भाकरी मुकादमाच्या जिभेवर आहे, तो वर नाव कळवून घेईल का? सगळे गप. आणि त्या गप्प बसण्याला दुसऱ्या दिवशी फळ्यावर लिहिलं : कामगारांचा उत्स्फूर्त प्रतिसाद.

आता यातली खरी मेख ऐका. आमच्या टोळीतल्या एकाचं घर गोदाकाठीच. भिंत पडली, दाणे भिजले. गावाकडं जाऊन त्यानं चार दिवस चिखल उपसला. त्याचे चार खाडे पडले, चार रोज गेले. पाचवा रोज कापला पूरग्रस्तांसाठी. म्हणजे पूरग्रस्तानं पूरग्रस्ताला मदत केली, मार्फत कंपनी. चार दिवसांची भरपगारी रजा देणं ही मदत कुणाच्या डोक्यात आली नाही. त्यात फोटो निघत नाही ना.

हे आमच्या ओट्यापुरतं असतं तर चार शिव्या देऊन मोकळा झालो असतो. पण ही रीत वरून खाली आलीय. 2018 च्या पुरानंतर केरळ सरकारनं कर्मचाऱ्यांकडं एक महिन्याचा पगार मागितला, आणि ज्याला द्यायचा नाही त्यानं नकार लिहून द्यावा असा आदेश काढला. उच्च न्यायालयानं ही अट रोखली. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, तिथंही 29 ऑक्टोबर 2018 ला हात हलवत परत आलं. तरी एप्रिल 2020 मध्ये केंद्राच्या महसूल विभागानं तीच अट पुन्हा लिहिली : मार्च 2021 पर्यंत दर महिन्याला एक दिवसाचा पगार पीएम केअर्सला, हरकत असेल त्यानं कर्मचारी क्रमांकासह लेखी कळवावं. मुकादमाची वही आणि दिल्लीचं परिपत्रक, दोघांची जात एकच. होकार गृहीत, नकार नोंदवलेला.

1936 च्या वेतन कायद्यानं उलटं सांगितलं होतं. प्रधानमंत्री राष्ट्रीय सहायता निधीसाठी पैसे कापायचे तर कामगाराची लेखी संमती लागायची. संमती लेखी. नकार नव्हे. या एका शब्दात मालक आणि माणूस यांच्यातला फरक आहे.

आणि हिशेब? पीएम केअर्समध्ये पहिल्या पाचच दिवसांत, 31 मार्च 2020 पर्यंत, 3,076 कोटी रुपये जमले. लोकांनी माहितीच्या अधिकारात कागद मागितले. उत्तर आलं, हा फंड सार्वजनिक प्राधिकरणच नाही. घेताना देशाचा, सांगताना खाजगी!

त्याच दिवसांतली गोष्ट. 8 मे 2020. आपल्याच जिल्ह्यात, करमाडजवळ, रुळावर झोपलेल्या 16 मजुरांवरून पहाटे मालगाडी गेली. जालन्याच्या पोलाद कारखान्यात राबलेले, मध्य प्रदेशाकडं पायी निघालेले. रुळांत भाकऱ्या विखुरल्या. देशभर करुणेचे आकडे कोटीत मोजले जात होते, आणि त्या सोळांना घरी पोचवायला एक गाडी नव्हती. मेल्यावर मदत लगेच जाहीर झाली. जिवंतपणी तिकीट देणं याला हक्क म्हणतात, मेल्यावर पैसे देणं याला दया. व्यवस्थेला दया परवडते. हक्क परवडत नाही.

कुणी म्हणंल, तू माणूसघाणा आहेस, बुडत्याला हात द्यायला नको म्हणतोस. अरे, बुडत्याला पहिला हात आमचाच असतो. पुरात वस्तीवस्तीतून पीठ, चादरी, जुनी लुगडी गोळा झाली, ती कुणाच्या परिपत्रकानं नाही. बाबासाहेबांनी 15 ऑक्टोबर 1956 ला नागपुरात लोकांकडं मिळकतीचा विसावा हिस्सा मागितला. मागितला, कापला नाही. समोर उभं राहून, कशासाठी ते सांगून मागितला. ज्याला द्यायचा त्यानं ताठ मानेनं दिला. बुद्धाच्या धम्मात दान ही पारमिता आहे. पारमिता पगारपत्रकात बसत नाही. देणाऱ्याची मर्जी काढून घेतली की दानाचा नुसता दंड उरतो.

आणि वरच्यांच्या दयेची ओळख बाबासाहेबांनी 1945 मध्येच करून दिली होती. हरिजन सेवक संघाच्या दानधर्मावर त्यांनी आपल्या इंग्रजी ग्रंथात एक सबंध प्रकरण लिहिलं. अस्पृश्याला उपकाराखाली दाबून त्याच्या लढ्याचा कणा मोडायचा, हा डाव त्यांनी ओळखला होता. आज डाव आणखी स्वस्त झालाय. उपकाराचा खर्चही आपल्याच माथी मारलाय. 2013 च्या कंपनी कायद्यानं मोठ्या कंपन्यांना नफ्याचे दोन टक्के समाजासाठी खर्च करायला सांगितलं. नफ्याचे, माझ्या हमालीचे नाही. जुन्या करपद्धतीत साहेबाला देणगीवर आयकरात सूट मिळते. माझ्या मिळकतीला करच लागत नाही, मग सूट कशावर घेऊ? तोच रुपया साहेबाचा गेला तर थोडा परत येतो, माझा गेला तर घरात त्या दिवसाचं तेल-मीठ जातं.

म्हणून दोस्तांनो, वाळूज असो, चिकलठाणा असो, कुठंही राबत असाल, एवढं धरून बसा. आधी विचारा, मग घ्या. संमती आमच्या सहीची, नकाराची वही जाळा. पावती प्रत्येकाच्या नावाची, कंपनीच्या नावाची नाही. पैसा कुठं गेला त्याचा हिशेब फळ्यावर. ज्याचं स्वतःचं घर बुडालं त्याचा छदामही कापायचा नाही, त्याला भरपगारी रजा द्या. आणि नाही म्हणणाऱ्याचा ठेका तुटला, तर सगळ्यांनी मिळून ओटा रिकामा सोडा. एकट्याच्या नकाराला मुकादम नाव देतो. पन्नासांच्या नकाराला त्याची वही पुरत नाही.

द्यायचं तर आम्ही देऊ. आमच्या हातानं, आमच्या माणसांना. खिशात हात घालून घेतलेल्याला आम्ही दान म्हणणार नाही.

जयभीम.