त्याचं नाव अफानासी

रायगडच्या किनाऱ्याची माहिती देणारं एक पत्रक या आठवड्यात हाती आलं. चौलचं बंदर, रेवदंड्याचा कोट, नारळी-पोफळीच्या वाड्या, सगळं नीट दिलंय. पण रेवदंड्यात शाळेच्या आवारात ज्याचं स्मारक आहे त्या प्रवाशाबद्दल एवढंच, की निकितिन नावाचा रशियन इथे येऊन गेला. नावं अर्धवट लिहिली की मला राग येतो, हे या सदराच्या वाचकांना नवं नाही. निकितिन म्हणजे निकिताचा मुलगा. त्वेर शहरातल्या या साध्या व्यापाऱ्याची ओळख तेव्हा बापाच्या नावाने किंवा गावाच्या नावाने सांगत. पत्रकाने बाप ठेवला आणि मुलगा गाळला. मुलाचं नाव अफानासी.

नाव मूळचं ग्रीक, अथानासिओस, म्हणजे अमर. आपल्या 'अमृत'मध्ये आणि या नावात नकाराचा 'अ' एकच आहे. 988 मध्ये कीएव्हच्या व्लादिमीर राजाने ख्रिस्ती धर्म स्वीकारला आणि अशी नावं तिकडच्या घराघरांत पोचली. हे नाव अलेक्झांड्रियाच्या ज्या बिशपचं, तो चौथ्या शतकात पाच वेळा हद्दपार झाला, तरी आपल्या मतावरून हटला नाही. त्याचा दिवस 31 जानेवारीला येतो, म्हणून त्या सुमाराच्या कडाक्याच्या थंडीलाही रशियात अफानासीची थंडी म्हणतात. घरात हाक मारायची ती अफोन्या. 1975 साली गाजलेल्या एका सोव्हिएत चित्रपटातल्या प्लंबरचं हेच नाव, आणि चित्रपटाचंही.

आता आपला अफानासी. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहमनी अमलात, एक घोडा घेऊन तो चौलला उतरला. जुन्नरला असदखानाने तो घोडा काढून घेतला. मुसलमान हो, घोडाही देतो आणि वर हजार मोहरा देतो, नाही झालास तर दोन्ही जप्त, अशी अट घालून चार दिवसांची मुदत दिली. खोरासानचा एक महंमद मध्ये पडला म्हणून घोडाही वाचला आणि धर्मही. या मुलखात तो खोजा युसूफ खोरासानी या नावाने वावरत होता. परक्या मुलखात एकट्या माणसाला असं नाव घ्यावं लागतं, त्यात मला काही कमीपणा दिसत नाही.

पुढे बीदरला बऱ्याच हिंदूंशी त्याची ओळख झाली, आणि तिथे त्याने स्वतःहून सांगितलं की मी मुसलमान नाही, ख्रिस्ती आहे, माझं नाव अफानासी. तो लिहितो, की तेव्हापासून ही माणसं त्याच्यापासून काही लपवेनाशी झाली. खाणंपिणं, व्यापार, पूजा, घरच्या बायकाही. शिवरात्रीला तो त्यांच्याबरोबर श्रीशैलच्या यात्रेला गेला. सगळ्या प्रवासवर्णनात मला हीच जागा सर्वांत प्रिय आहे. ज्या नावाने त्याच्यासाठी आपल्या लोकांची दारं उघडली, ते आपण छापताना गाळावं याचं मला खरंच वाईट वाटतं. परतीच्या वाटेवर स्मोलेन्स्कला पोचण्याआधीच तो वारला. त्वेरमध्ये व्होल्गाच्या काठी 1955 पासून त्याचा पुतळा उभा आहे.

अफानासी म्हटलं की मला आणखी एकजण आठवतो, कवी अफानासी फेत. 1820 चा जन्म. त्याची आई गरोदर असताना जर्मनीतल्या डार्मस्टाटहून नवऱ्याला सोडून ओऱ्योल प्रांतातल्या शेन्शिन नावाच्या जमीनदाराबरोबर रशियात आली. मुलगा शेन्शिन म्हणूनच वाढला. तो चौदा वर्षांचा असताना धर्मखात्याच्या लक्षात आलं, की आईबापाचं लग्न त्याच्या जन्मानंतरचं आहे. आडनाव गेलं, सरदारकी गेली, रशियन प्रजेचा हक्कही गेला. मुलगा तेव्हा दूर व्हेरोच्या जर्मन शाळेत होता. घरून पत्र आलं ते फेत या नावाने, आणि आता हेच तुझं आडनाव, एवढंच त्यात कळवलेलं. त्या वयाच्या मुलाने ते पाकीट कसं फोडलं असेल!

सरदारकी परत मिळवण्यासाठी तो 1845 मध्ये फौजेत शिरला. त्यासाठी जो हुद्दा लागे तो जवळ आला, की सरकार नियम बदलून अट वर चढवी. हे एकदा नाही, दोनदा झालं. त्याने फौज सोडली. अखेर 1873 मध्ये झारने शेन्शिन हे आडनाव वापरायची परवानगी दिली आणि जवळजवळ चाळीस वर्षांची जखम कागदोपत्री भरली.

या सगळ्या उलथापालथीत कुठल्याही कचेरीला बदलता आलं नाही ते एकच, अफानासी. शेन्शिनचं नावही अफानासीच, त्यामुळे कवी अफानासी अफानास्येविच राहिला, आडनाव असताना आणि नसतानाही. झारच्या हुकमानंतर व्यवहारात त्याने शेन्शिन लावलं. कवितांची पुस्तकं मात्र तो फेत या नावानेच काढत राहिला.