हवा आणि दर्या : रोश होदेश आवचा आठवडा



तम्मूझ संपून या आठवड्यात आव लागतो. हवेबद्दल लिहायचे तर या दिवसांत आमचे काम अगदी सोपे असते. पावसाचा प्रश्नच नाही. पहाटे किनाऱ्यावर खालून सरकणारे ढग, नऊ-दहापर्यंत ते विरतात, मग ऊन. अश्दोद, अश्केलोन, बात याम या बाजूला दिवसा ३०-३१ डिग्री, पण दमट एवढे की सदरा अंगाला चिकटतो, आणि रात्रीसुद्धा २४-२५ च्या खाली उतरत नाही. बेर शेवा, दिमोनाकडे ३४-३५, पण कोरडे. तिकडे संध्याकाळी तरी बाहेर बसवते. समुद्राचे पाणी २८ डिग्रीच्या वर, म्हणजे कोमटच. लाटा साधारण अर्धा ते एक मीटर, वारा पश्चिमेचा किंवा वायव्येचा, दुपारनंतर जोर धरणारा. अंक छापून तुमच्या हाती पडेपर्यंत यात थोडा फरक पडेल, म्हणून ज्या दिवशी जायचे त्या दिवशी सकाळी बेत दगानच्या हवामान खात्याचा अंदाज रेडिओवर ऐका किंवा नातवंडांना फोनवर बघायला सांगा. ‘लाटांची उंची’ म्हणून सेंटिमीटरमध्ये आकडा देतात, तो आधी बघायचा.

इथे पाऊस का नाही, असे मुले विचारतात. त्याचे उत्तर आपल्या गावाकडे आहे. उन्हाळ्यात हिंदुस्थानच्या वायव्येला आणि पाकिस्तानवर हवेचा दाब कमी होतो आणि मान्सून ओढला जातो. त्याच कमी दाबाचे एक लांब शेपूट इराणच्या आखातावरून थेट तुर्कस्तानपर्यंत येते. त्याच्यामुळे आपल्याकडे भूमध्य समुद्रावरचा वारा रोज येतो. मान्सूनमध्ये तिकडे वर चढलेल्या हवेचा परिणाम असा की इकडे पूर्व भूमध्यावर हवा खाली बसते, आणि खाली बसणाऱ्या हवेत पावसाचे ढग वाढत नाहीत. थोडक्यात, रेवदंड्याला कौलांवरून धारा लागतात त्याच दिवसांत अश्दोदला आकाश कोरडे ठणठणीत!

आता दर्याकडे वळूया. आजचे खरे बोलणे तिथेच आहे.

कोकणात या दिवसांत समुद्र स्वतःच सांगतो की माझ्या वाटेला येऊ नका. पाणी मातकट, गाज गावाच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येते, होड्या वर ओढून शाकारलेल्या, मांडव्याची लाँच बंद. लहान पोरालाही समजते. इथला जुलैचा समुद्र मात्र निळाशार, वर ढग नाही, लाट कंबरेएवढी. आणि दर वर्षी माणसे बुडतात ती अशाच समुद्रात.

आपल्या लोकांची यात एक खास अडचण आहे, ती स्पष्ट बोलतो. ‘आम्ही कुलाब्याकडची माणसं, आम्हाला समुद्र काय शिकवता?’ (आपले वाडवडील होड्या नव्हे, तेलाचे घाणे चालवत होते, हे सोयीस्कर विसरायचे!) पण समुद्राची ओळख होती हे खरे. अलिबागला कुलाबा किल्ल्यात चालत जायचे तर ओहोटी कधी, हे माहीत लागायचे. हिशोब तोंडपाठ असायचा : तिथीला पाऊणपट करायचे, आली पूर्ण भरतीची वेळ. मुलांनो, हे गणित करून बघा. आपला महिनाही चंद्रावरच चालतो, म्हणून हिब्रू तारीख घेतली तरी जमते. आवची ९ तारीख. नऊ त्रिक सत्तावीस, भागिले चार, म्हणजे पावणेसात. त्या दिवशी अलिबागला सकाळी आणि संध्याकाळी पावणेसातच्या सुमारास भरती, आणि दुपारी पाऊण-एकला ओहोटी. तारीख १५ च्या पुढे गेली तर आधी १५ वजा करायचे. थोडे मागेपुढे होते, पण फार चुकत नाही.

ही विद्या इथे उपयोगी नाही. भूमध्य समुद्र हा जवळजवळ बंद हौद आहे. महासागराशी त्याची गाठ पडते ती दूर जिब्राल्टरला, जिथे सामुद्रधुनी अरुंदात अरुंद जागी सुमारे १४ किलोमीटर आहे. म्हणून मोठ्या उधाणाला मुंबई-अलिबागकडे पाणी चार-साडेचार मीटर चढते-उतरते, तर आपल्या किनाऱ्यावर सुमारे ४० सेंटिमीटर, म्हणजे दोन वितींच्या आत. रोश होदेशला अमावस्या असली तरी तुमच्या पायाला ते कळणारसुद्धा नाही. तेव्हा ‘आता ओहोटी आहे, पाणी उथळ आहे, जाऊ दे पोरांना’ हा विचार इथे अजिबात करू नये.

इथे बघायची ती ओढ. मुले शाळेत ‘झरामीम’ म्हणून शिकतात तीच. लाट पुळणीवर येऊन फुटते, पाणी किनाऱ्याशी साचते, आणि ते परत जायला वाट शोधते. पाण्याखाली वाळूचा जो बांध असतो त्यात कुठेतरी खिंड पडलेली असते. सगळे पाणी त्या खिंडीतून जोराने आत पळते. गंमत अशी की वरून बघताना तीच जागा शांत दिसते. दोन्ही बाजूंना लाटा फुटताहेत, फेस आहे, आणि मध्ये एक गडद पट्टा, जिथे लाट फुटतच नाही. नवखा माणूस म्हणतो, ‘बरी जागा मिळाली, इथे उतरू.’ तिथेच घात होतो. दगडी बांधांच्या टोकांशीही अशीच ओढ असते. आतले पाणी तळ्यासारखे दिसते म्हणून फसू नका. पाण्यात जाण्याआधी दहा मिनिटे काठावर उभे राहून फेस कुठे जातो ते बघायचे. नातवंडांना हा खेळच करून द्या, कोण आधी पट्टा शोधतो!

सापडलात तर? किनाऱ्याकडे तोंड करून ओढीशी झुंजू नका. पट्टीचा पोहणारा दमतो तो तिथेच. उताणे तरंगा, हात वर करून हलवा, आणि अंगात ताकद असली तर किनाऱ्याला समांतर, आडवे पोहत पट्ट्याच्या बाहेर या. ओढ तुम्हाला खाली ओढत नाही, आत नेते आणि पुढे सैल पडते. एवढे ध्यानात राहिले तर घाबरगुंडी कमी होते. आणि काठावरच्या आजी-आजोबांनी मागोमाग उडी मारू नये, बाबांनो. मत्सिलला हाक मारा, तरंगेल असे काहीही फेका, १०१ ला फोन करा.

मत्सिल खुर्चीत असेल तेवढाच वेळ पाण्यात, हा आमचा हट्ट समजा. बुडण्याचे बहुतेक प्रकार तो नसलेल्या जागी किंवा तो घरी गेल्यावर होतात. काळा झेंडा म्हणजे उतरायचे नाही, हे तर आपण इथे आल्यापासून ऐकतो आहोत. दुसरा रंग समजला नाही तर विचारावे, विचारायला लाज कसली?

किन्नेरेतला जाणाऱ्यांसाठी : सकाळी तळे आरशासारखे असते, पण उन्हाळ्यात दुपारनंतर पश्चिमेचा वारा उतरतो. तिबेरियाच्या बाजूला तो किनाऱ्याकडून आत वाहतो, आणि हवेची गादी पोरासकट तळ्याच्या मध्यावर नेतो. फुगवलेल्या गाद्या घरीच बऱ्या.

मेदूसाचे दिवसही हेच. आपल्याकडे थव्यांनी येणारी ही जात मूळची इथली नव्हे, तांबड्या समुद्राकडून सुएझ कालव्यातून आली आणि १९७० च्या दशकापासून इथे राहिली. म्हणजे तीही ओलाच म्हणायची, फक्त सोखनूतला न विचारता आलेली. २०११ साली तिने हादेराच्या वीज केंद्राची पाणी घ्यायची तोंडे बुजवली होती. चावली तर समुद्राच्याच पाण्याने धुवा. गोडे पाणी नको, व्हिनेगर नको, चोळणे तर नकोच. श्वास लागला किंवा डोळ्याला लागले तर थेट डॉक्टर.

ज्यांच्या घरी आवच्या पहिल्या नऊ दिवसांत समुद्रस्नान न करण्याची चाल आहे, ते रोश होदेशच्या आधीच जाऊन येतील, म्हणून त्या दोन-तीन दिवसांत गर्दी धरून चाला. गर्दीत लहान मूल हाताच्या अंतरावर हवे, फोन पिशवीत.

आणि पुढच्या आठवड्यात बिरड्याचा रोजा. वयस्कर मंडळींनी, विशेषतः साखर आणि ब्लडप्रेशरच्या गोळ्या चालू असतील त्यांनी, उपासाचे आधीच डॉक्टरांना विचारून ठेवावे. या उकाड्यात पंचवीस तास पाण्याशिवाय काढणे सोपे नाही. वाल भिजवणाऱ्या बायांनी हवा बघूनच भिजवावेत. अश्दोदच्या दमट हवेत फडक्यात बांधलेल्या वालांना लवकर मोड येतात आणि जास्त ठेवले तर वास सुटतो. दिमोना-येरुहामला मात्र फडके सुकते, ते दोनदा ओले करावे लागेल.