दिल्लीस गेलेली एकच

अमेरिकेत जीनेट रँकिनबाई १९१६ साली काँग्रेसवर निवडून आल्या, तेव्हा तेथील सर्व स्त्रियांस मताधिकारही नव्हता. आमच्याकडे प्रकार उलट! मताधिकार १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीपासूनच. परंतु धाराशिव मतदारसंघाने लोकसभेत स्त्री धाडली ती २००४ साली. शिवसेनेच्या कल्पना नरहिरे ह्या त्यापूर्वी कळंबच्या आमदार होत्या. दोन्ही जागा तेव्हा अनुसूचित जातींसाठी राखीव. राखीव जागांचे नाव निघताच आम्ही सुशिक्षित मंडळी नाके मुरडतो, हे कशास लपवावे? तथापि येथून दिल्लीस गेलेली एकुलती एक स्त्री त्याच वाटेने गेली. पुढे मतदारसंघांची पुनर्रचना होऊन लोकसभेची जागा खुली झाली आणि २००९ साली शिवसेनेची उमेदवारी पुरुषाकडे गेली. २०२४ साली अर्चना पाटील उभ्या राहिल्या, त्या पराभूत झाल्या.