फिश टँकचे पाणी आणि कॉम्प्युटर





नववीच्या काही विद्यार्थ्यांनी आमच्याकडे अर्ज दिला आहे. घरच्या फिश टँकच्या पाण्यावर कॉम्प्युटरने आपोआप नजर ठेवायची त्यांची योजना आहे. त्यासाठी प्रयोगशाळेतला एक जुना कॉम्प्युटर आणि थोडे सामान त्यांना हवे आहे. काही पालकांना हा व्यर्थ खर्च वाटतो. आम्ही मात्र योजनेच्या बाजूने आहोत, पण एका अटीवर.

पाण्याची पारख बेटम्याला नवी नाही. येथील गुरुद्वाऱ्याच्या बावडीचे खारे पाणी गुरू नानकदेवांनी गोड केले, अशी श्रद्धा आहे. पण माणसाला गोड लागणारे पाणी माशाला मानवेलच असे नाही. इंदूरला १९७८ पासून नर्मदेचे पाणी नळाने येते. नळाच्या पाण्यातले क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना इजा करते. बोअरच्या पाण्यात क्लोरीन नसते, पण आपल्या काळ्या खडकातले पाणी बहुधा जड असते व त्याचा पीएच ७ च्या वर असतो. म्हणून इंदूरच्या मावशींचा सल्ला बेटम्याच्या टँकला जसाच्या तसा लागू पडत नाही.

खरा शत्रू अमोनिया. माशांची विष्ठा आणि उरलेले खाणे यांतून तो तयार होतो. फिल्टरमधले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट व मग नायट्रेट करतात, पण नव्या टँकमध्ये हे जिवाणू स्थिरावायला चार ते सहा आठवडे लागतात. रविवारी हौसेने टँक आणून संध्याकाळीच दहा मासे सोडले, की पंधरवड्यात घरात रडारड होते ती बहुतेक वेळा यामुळेच. पीएच वाढला की अमोनिया अधिक घातक होतो. २५ अंश तापमानाच्या पाण्यात, पीएच ७ असताना त्यातला जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की पाच टक्क्यांहून जास्त.

आता कॉम्प्युटरचा उपयोग. तापमानाचा सेन्सर व पीएचचा प्रोब पाण्यात सोडला, की दर दहा मिनिटांनी आकडा नोंदला जातो. पाण्यातल्या वनस्पती दिवसा कार्बन डायऑक्साइड घेतात, म्हणून दुपारी पीएच चढतो. रात्री तो उतरतो आणि ऑक्सिजनही घटतो. हे पाहायला पहाटे चार वाजता कोण उठणार? मे महिन्यात पाणी ३० अंशांवर गेले की लिटरमागे साडेसात मिलिग्रॅमच ऑक्सिजन त्यात राहू शकतो, २० अंशांना तो नऊ मिलिग्रॅम असतो. ही चढउतार आपल्या डोळ्यांनी आलेखावर पाहिलेला मुलगा रसायनशास्त्र पाठ करणार नाही, समजून घेईल. यासाठी खर्च करायला आमची हरकत नाही. तयार डबा विकत घेऊ नये, मुलांनी स्वतः जोडावा, असेही आम्ही विश्वस्तांना सुचवतो.

पण स्वस्तातले हे सेन्सर अमोनिया मोजत नाहीत. पडद्यावर सगळे आकडे ठीक आणि टँकमध्ये मासा उलटा, असे होऊ शकते. शिवाय पीएचचा प्रोब हळूहळू चुकू लागतो. ४ आणि ७ पीएचच्या द्रावणात बुडवून तो वरचेवर जुळवावा लागतो, कोरडा राहिला तर बिघडतो. बिघडलेला प्रोबही आकडा दाखवतोच, तोही दोन दशांश स्थळांपर्यंत!

म्हणून आमची अट अशी: यंत्राने फक्त पाहावे आणि ओरडावे. औषध टाकणे, पाणी बदलणे हे त्याच्या हाती देऊ नये. दर रविवारी मुलांनी थेंबांच्या किटने अमोनिया तपासून वहीत लिहावा आणि मासे खातात का, वर येऊन तोंड उघडतात का, तेही लिहावे. उन्हाळ्यात गावाला जाताना ‘कॉम्प्युटर आहे ना’ म्हणून कुलूप लावू नये, शेजारच्या काकूंना किल्ली द्यावी.

एक प्रश्न राहतो. वीज गेली की हवेचा पंप बंद पडतो आणि त्याच क्षणी कॉम्प्युटरही. म्हणजे ओरडायची वेळ आली की ओरडणाराच गप्प. अर्जात याचे उत्तर नाही. विद्यार्थ्यांनी ते लिहून आणावे आणि कॉम्प्युटर घेऊन जावा.