तिची पत्रं कुणी वाचली?

गेल्या उन्हाळ्यात लेकीकडे म्युनिकला गेले होते. एका शनिवारी जावई म्हणाले, ''आई, चला, शेजारच्या देशातलं एक छोटं गाव दाखवतो. तुमच्या गावासारखंच नदीकाठचं आहे.'' डब्यात मेथीचे पराठे घेतले आणि निघालो.

गावाचं नाव चेस्की क्रुमलोव. चेक प्रजासत्ताकाच्या दक्षिणेला, वस्ती जेमतेम तेरा हजार. व्हल्टावा नदी गावाला असा काही वळसा घालते, की वरून बघताना वाटावं, तिनं गावाला कुशीतच घेतलंय. लाल कौलांची घरं, दगडी गल्ल्या आणि डोक्यावर तेराव्या शतकातला किल्ला. १९९२ साली युनेस्कोनं हे गाव जागतिक वारसा म्हणून जाहीर केलं. किल्ल्याच्या रंगीत मनोऱ्याला दीडशेहून जास्त पायऱ्या आहेत. गुडघ्यांनी कुरकुर केली, पण चढले. वरून नदीतल्या होड्या कागदाच्या वाटत होत्या.

१३०२ ते १६०२ अशी तीनशे वर्षं इथं रोझेनबर्ग घराण्याची सत्ता होती. पाच पाकळ्यांचं गुलाब ही त्यांची खूण गावात जागोजागी दिसते. आणि जागोजागी ऐकू येते ती ‘पांढऱ्या बाई’ची गोष्ट. किल्ल्यात म्हणे एक बाई दिसते. हातात पांढरे मोजे असले तर चांगली बातमी, काळे असले तर वाईट. नवऱ्यानं मरताना माफी मागितली, हिनं दिली नाही, म्हणून त्यानं शाप दिला. तेव्हापासून ती भटकतेय. ऐकणारे सगळे हसत होते. मीही हसले. भुताच्या गोष्टी काय, सगळीकडे सारख्याच!

दुपारी नदीकाठी पराठे खाताना लेक मोबाईलवर वाचत होती. म्हणाली, ''आई, ही बाई खरीच होती गं. पेर्ख्ता तिचं नाव. आणि तिची पत्रं अजून जपून ठेवलीत.''

पेर्ख्ता ही याच घराण्यातली मुलगी. १४४९ साली तिचं लग्न लिक्टेनस्टाइन घराण्यातल्या एका सरदाराशी झालं. वडिलांनी कबूल केलेला हुंडा वेळेवर पोचला नाही. पुढचं तुम्हाला सांगायलाच नको. नवरा फिरला. घरात सगळा कारभार सासूच्या हाती, हिला कवडीची किंमत नाही. हिनं माहेरी वडिलांना, भावांना पत्रांमागून पत्रं लिहिली. माझे हाल होताहेत, काहीतरी करा. एकदा नाही, वर्षानुवर्षं लिहिलं. अखेर १४७६ मध्ये ती गेली.

पराठ्याचा घास तसाच राहिला माझ्या हातात.

मी सातवीत असताना मावशीकडे शिकायला होते. मावशीला लिहिता-वाचता येत नव्हतं. ताईची, म्हणजे माझ्या मावसबहिणीची, सासरहून येणारी अंतर्देशीय पत्रं मीच वाचून दाखवायची. ‘सायकल आणि घड्याळ राहिलंय म्हणून रोज बोलतात’, ‘मला एकदा घेऊन जा’. मावशी डोळ्याला पदर लावायची आणि सांगायची, ''लिही, जुळवून घे. होईल सगळं ठीक.'' मी लिहायची. माझं अक्षर चांगलं, म्हणून कौतुकही व्हायचं. तिसऱ्या वर्षी ताई विहिरीत सापडली. पाय घसरला म्हणे. पुढं त्या गावात सांगू लागले, अमावस्येला विहिरीवर पांढऱ्या साडीतली बाई दिसते.

मैत्रिणींनो, मावशीला मी आज दोष देत नाही. तिला वाटायचं, लेक परत आली तर धाकटीचं लग्न कसं होणार? पण हसत-हसत गोष्टी सांगताना आपण काय करतो, ते मला त्या नदीकाठी कळलं. जिवंतपणी जिचं ऐकलं नाही, तिचं मेल्यावर भूत करतो. वर दोष तिच्याच माथी! क्रुमलोवच्या गोष्टीत तरी दुसरं काय आहे? तिनं माफ केलं नाही, ही तिची चूक. हुंड्याचा शब्द त्या गोष्टीत कुठं ऐकू आला नाही.

आपल्याकडे हुंडाबंदीचा कायदा १९६१ सालचा. आता अंतर्देशीय पत्रं नाहीत, लेकीचा फोन येतो. ‘हुंडा’ हा शब्दही कुणी काढत नाही, ‘तुमच्या मुलीला हौसेनं काय द्यायचं ते द्या’ म्हणतात. पण फोनवर लेक मध्येच गप्प झाली, तर आपल्या तोंडातून पहिला शब्द कोणता येतो? अजूनही ‘जुळवून घे’च ना? त्याऐवजी ‘ये, दार उघडं आहे’ म्हणायला आपण शिकलं पाहिजे. लोक काय म्हणतील, ते म्हणू देत. चार दिवस बोलतील आणि थांबतील.

निघताना लेक म्हणाली, ''आई, किती गप्प झालीस. बरं वाटत नाहीये का?'' मी तिचा हात धरला आणि म्हटलं, ''तुला कधीही, काहीही सांगावंसं वाटलं तर सांगशील ना?'' जावई गाडी काढायला गेले होते. ती हसली, मग माझ्याकडे नीट बघितलं आणि मान डोलावली.

तुम्हीही विचारा आपापल्या लेकीला. सुनेलासुद्धा.