तात्पर्य विचारू नका

गोष्ट वाचून संपते, पुस्तक मिटतं आणि लगेच प्रश्न येतो, 'या गोष्टीतून आपण काय शिकलो?' मघापर्यंत पुढे सरकून बसलेली मुलं त्या क्षणी माना खाली घालतात. अपेक्षित उत्तर एकच असतं आणि ते बाईंना आधीच ठाऊक असतं, हे त्यांना कळतं. पुढच्या वेळी ती ऐकतात ती या प्रश्नाच्या धास्तीनं. गोष्टीच्या तासातून हा प्रश्न काढून टाका, अशी आमची आग्रहाची विनंती आहे.

म्हणजे वाचताना थांबूच नये, असं नाही. न्यूझीलंडच्या वॉरविक एली यांचा १९८९चा अभ्यास आजही उपयोगी आहे. सात-आठ वर्षांच्या मुलांना शिक्षकांनी एकच गोष्ट तीनदा वाचून दाखवली. अर्थ न सांगताही नव्या शब्दांच्या चाचणीत सुमारे १५ टक्के वाढ दिसली. जिथे वाचता वाचताच चित्रावर बोट ठेवून, अभिनय करून किंवा सोपा शब्द देऊन अर्थ पोचवला, तिथे ती ४० टक्क्यांच्या आसपास गेली. मात्र मुलांना न भिडलेल्या दुसऱ्या गोष्टीत हीच पद्धत वापरूनही वाढ बरीच कमी राहिली.

तेव्हा आधी पुस्तक नीट निवडायला हवं. माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांत चित्रं मजकुरापेक्षा वेगळं काही सांगत असतात. ती दाखवल्याशिवाय पान उलटू नये. खिडकीकडे पाठ करून बसलात तर उजेड मुलांच्या डोळ्यांवर येतो आणि चित्र काळवंडतं, बाजूला सरका. पट मोठा असेल तर निम्म्या मुलांनाच जवळ घ्या, बाकीची उद्या. आदल्या दिवशी घरी एकदा मोठ्यानं वाचा आणि थांबायच्या दोनच जागा ठरवा. तिथे 'आता हा काय करेल?' एवढंच विचारा. एखादं मूल अहिराणीत किंवा वारलीत बोललं तर वाक्य सुधारू नका, त्याच्या उत्तराला धरून पुढे वाचा. 'परत वाचा' असा गलका झाला तर परत वाचा. अभ्यासक्रम मागे पडत नाही, एलींच्या अभ्यासातल्या मुलांनीही तीच गोष्ट तीनदा ऐकली होती.

मुलांना वाचता येऊ लागलं की हा तास बंद होतो, याचं आम्हाला फार वाईट वाटतं. चौथीतल्या मुलाची ऐकून समजण्याची ताकद त्याच्या वाचण्याच्या वेगापेक्षा बरीच पुढे असते. भा. रा. भागवतांचा 'फास्टर फेणे' रोज थोडा थोडा, ऐन रंगात थांबवत वाचून पाहा.

आणि वाचून झालेलं पुस्तक कपाटात कुलूपबंद करू नका. ते मुलांच्या हाताला येईल असं ठेवा. पहिलीतली मुलं ते उघडतात आणि अक्षरं येत नसतानाही चित्रांवरून गोष्ट एकमेकांना 'वाचून' दाखवतात. पानं फाटतील, चिकटपट्टी जवळ ठेवा.