एक रूळ, चार हात

दिवाळीत अंगणात किल्ला होतो तेव्हा घरोघर एक गोष्ट हमखास दिसते. थोरला भाऊ शिवाजीमहाराज, मावळे, तोफा, सगळे आपल्या हाताने मांडतो आणि धाकट्याच्या वाट्याला माती कालवणे नि पाणी आणणे एवढेच येते. दोन दिवसांत धाकटा कंटाळून फटाक्यांकडे वळतो. मग थोरला तक्रार करतो, की याला किल्ल्याची गोडीच नाही! मोठ्या माणसांच्या हौशींचेही असेच होते. दोरी एकाच्याच हाती राहिली की बाकीचे घर प्रेक्षक होते; आणि प्रेक्षक फार दिवस बसत नाहीत.

हे मला नीट पटले ते अमेरिकेत, ओहायो राज्यात. तिथे माझ्या लेकीच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहतात. त्यांच्या तळघरात तीन भिंतींना लागून, घोड्याच्या नालेच्या आकाराची एक छोटी रेल्वे आहे. गाड्या 'एचओ' मापाच्या, म्हणजे खऱ्या गाडीच्या 87 पट लहान. दोन रुळांतले अंतर साडेसोळा मिलिमीटर. पुण्यात कोथरूडला 1998 साली उघडलेले भाऊ जोशींचे लघुरेल्वेचे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या मौजेची कल्पना येईल. पण तिथे आपण पाहुणे. गाड्या चालवणारे दुसरे. तिकडच्या हौशी माणसाला गाडी स्वतः हाकायची असते. अमुक डबा या साइडिंगमधून काढून तमुक गोदामाशी नेऊन लावायचा, समोरून पॅसेंजर आली तर तिला वाट द्यायची, असा हा खेळ.

पूर्वी या खेळात एका रुळावर दोन गाड्या वेगवेगळ्या वेगाने चालवणे म्हणजे दिव्य होते. रुळांतल्या विजेचा दाब वाढवला की त्यावरची सगळीच इंजिने धावू लागत. म्हणून रुळाचे तुकडे करायचे नि प्रत्येकाला वेगळे बटण. जर्मनीतल्या लेन्झ कंपनीच्या कामाच्या आधारावर अमेरिकेतल्या लघुरेल्वे-हौशींच्या संघटनेने 1990 च्या दशकात एक समान पद्धत ठरवली, तेव्हा ही कटकट मिटली. आता रुळांत वीज सदैव खेळती असते आणि तिच्यातूनच आकड्यांचे हुकूम जातात. प्रत्येक इंजिनाच्या पोटात एक चिमुकली पाटी असते, तिला डीकोडर म्हणतात. फलाटावरची घोषणा सगळेच ऐकतात, पण ज्याची गाडी आली तोच पिशव्या उचलतो, तसेच हे. हुकूम सर्वांना ऐकू जातो, पण ज्याचा क्रमांक पुकारला तेवढेच इंजिन हलते.

म्हणजे एका रुळावर चार जणांनी चार गाड्या चालवायला आता काहीच आडकाठी नाही. आडकाठी होती ती निराळीच. वेग कमीजास्त करणारी जी मूठ असते, जिला थ्रॉटल म्हणतात, ती वायरने मुख्य पेटीला जोडलेली. आणि मुख्य पेटी कोपऱ्यात. शेजारीबुवांनी उभी हयात त्या कोपऱ्यात उभे राहून गाड्या चालवल्या होत्या. पलीकडच्या टोकाला डबे जोडायचे म्हणजे इकडून तिकडे येरझारा. आता गुडघ्यांनी संप पुकारला होता. नातू रविवारी यायचा, दहा मिनिटे बघायचा आणि वर निघून जायचा. 'नाताळनंतर सगळे विकून टाकणार,' असे त्यांनी मला सांगितले, तेव्हा त्यांच्या पत्नी काहीच बोलल्या नाहीत. तळघरात त्या सहसा उतरतच नसत.

माझ्या मते दुखणे गुडघ्याचे नव्हते, सॉकेटचे होते. वायरिंगची मला जन्माची आवड. मी सुचवले, की विकण्याआधी तीन ठिकाणी जादा पॅनेल बसवून पाहू. पॅनेल म्हणजे टेबलाच्या कडेला लावायची एक लहानशी पट्टी. तिच्यात थ्रॉटलची वायर खोचायची.

पॅनेल कुठे लावायचे? सारख्या अंतरावर लावू नये. साधा हिशेब करा. खरी गाडी ताशी 60 किलोमीटर धावत असेल, तर 87 पट लहान गाडी सेकंदाला सुमारे 19 सेंटिमीटर जाते. त्यांच्याकडच्या लोकोनेट पद्धतीत एक गंमत अशी, की थ्रॉटल उपटला तरी गाडी थांबत नाही. शेवटच्या हुकुमावर चालत राहते. तुम्ही चालत जाऊन पुढच्या सॉकेटमध्ये खोचायचा. पण या खटाटोपात दहा सेकंद गेली, तर गाडी जवळजवळ दोन मीटर बिनधन्याची पळते. म्हणून जिथे निर्णय घ्यावा लागतो तिथे पॅनेल हवे: स्टेशन, यार्ड, रूळ फुटतात ते ठिकाण. एक पॅनेल आम्ही खुर्चीवर बसल्या हाताला येईल इतके खाली लावले आणि एक नातवाच्या उंचीला.

वायर सहा तारांची, चपटी. दिसायला टेलिफोनच्या वायरसारखी, आणि तिथेच लोक फसतात. टेलिफोनच्या वायरीत पुष्कळदा चारच तारा असतात. लोकोनेटमध्ये थ्रॉटलला वीज मिळते ती कडेच्या दोन तारांतून. त्याच नसल्या तर थ्रॉटल जागा होत नाही. शिवाय टेलिफोनच्या वायरीत तारांचा क्रम बहुधा एका टोकाला उलटा असतो. शेजारीबुवांनी दुकानातून आणलेली एक तयार वायर अशीच निघाली. थ्रॉटल तिच्यावर बिनतक्रार चालला. पण पुढे ती दुसऱ्या बूस्टरकडे, म्हणजे अर्ध्या रुळांना वीज देणाऱ्या पेटीकडे जात होती. तिथली वीज उलटी झाली आणि दोन विभागांच्या सांध्यावर इंजिन आले रे आले, की शॉर्ट! म्हणून दोन्ही टोकांचे प्लग शेजारी शेजारी, खटके एकाच बाजूला करून धरावेत. रंगांचा क्रम दोहोंत सारखाच दिसला पाहिजे.

आणखी तीन पथ्ये. पॅनेले एकापुढे एक जोडावीत, फांद्या फुटल्या तरी चालतील. पण शेवटचे पॅनेल फिरवून पहिल्याला जोडू नये, वर्तुळ होऊ देऊ नये. थ्रॉटल वाढले की मुख्य पेटीवर भार पडतो, म्हणून पॅनेलला भिंतीतल्या छोट्या अडॅप्टरची वेगळी वीज द्यावी. आणि हा प्लग घरच्या टेलिफोनच्या सॉकेटमध्ये चुकूनही खोचू नये. घंटा वाजताना त्या तारांत 90 व्होल्टांच्या आसपास दाब असतो. दुसऱ्या काही कंपन्यांच्या पद्धतींत प्रत्येक थ्रॉटलला स्वतःचा निराळा क्रमांक द्यावा लागतो. दोघांचा एकच झाला तर भांडण ठरलेले.

कोणी म्हणेल, बिनतारी थ्रॉटल मिळतात, हल्ली तर मोबाइलवरही गाडी चालते. मग एवढा उपद्व्याप कशाला? खरे आहे. पण बॅटरी ऐन घाटात संपते, आणि मग सॉकेटच आठवतो. शिवाय भिंतीवरचा सॉकेट पाहुण्याला न बोलता सांगतो, की ही जागा तुमची.

दोन शनिवार गेले. तिसऱ्या दिवशी, रविवारी, नातवाने मालगाडी घेतली, लेकीने पॅसेंजर, मी घाटातले जोड इंजिन. यार्डापाशी खुर्ची टाकून कोण बसावे? शेजारीबुवांच्या पत्नी! त्यांनी डबे असे नेमके लावले, की बुवा बघतच राहिले. 'तुला हे येते?' त्यांनी विचारले. त्या म्हणाल्या, 'इतकी वर्षे जिन्यावरून ऐकतेय. सॉकेट एकच होता.'

मी परत आलो त्याला आता वर्ष होत आले. मधून मधून लेकीचा फोन येतो. विक्रीची जाहिरात अजून दिलेली नाही. उलट चौथे पॅनेल कुठे लावावे यावर नवराबायकोंचे एकमत होत नाही, म्हणून माझे मत मागवले आहे. मी कळवले आहे, की ज्यांना जिथे उभे राहायचे आहे त्यांना विचारा.